ते चित्र फ्लेक्ससाठी नव्हतं

मी दारात उकिडवी बसून रांगोळी काढत होते. लातुरातल्या एका कोचिंग क्लासच्या पालक मेळाव्याची सकाळ. क्लासचे मालक, आम्ही त्यांना सर म्हणायचो, पाहुण्यांना घेऊन आले. चकचकीत बूट माझ्या रांगोळीपाशी थांबले.

"ह्या कोण?" पाहुण्यांनी विचारलं.

"ह्या आपल्या ड्रॉइंगवाल्या मॅडम. रंगबिंग देऊन पोरांचं टेन्शन घालवतेत. हात लई चांगला. ह्यांच्या लोकांच्या हातातच असतंय ते. बाप हलगी वाजवायचा म्हणं ह्यांचा."

पाहुणे म्हणले, "वा वा." आणि रांगोळीच्या कडेकडेनं आत गेले.

मी नांदेडला मानसशास्त्रात एम.ए. केलंय. नंतर पुण्याला जाऊन-येऊन आर्ट थेरपीचा डिप्लोमा केला. सुट्टीच्या आदल्या रात्री गाडीत उभ्यानं जायचं, दिवसभर शिकायचं, उभ्यानं परत यायचं. क्लासनं मला घेतलं ते थेरपिस्ट म्हणून. तोंडानं तसं कुणी कधी म्हणलं न्हाई. त्या दिवशीही मी मान खाली घालून ठिपके जोडत राहिले. लहानपणापासूनची सवय, दुसरं काय.

माझ्या गावी, अर्धापूरच्या शाळेत झेंडावंदनाचा फळा मीच सजवायचे. खडूनं मोर काढायचे, लोक थांबून बघायचे. पाहुण्यांना ओवाळायला मात्र दुसरी पोरगी. बाई एकदा सरळच म्हणल्या, "तुझा हात छान हाय गं. पण आरती तिलाच धरू दे." घरी येऊन मी मायला विचारलं, माझा मोर चालतो तर माझी आरती का चालत न्हाई? माय केळीच्या मळ्यातून कामावरनं नुकती आली होती, पाय धूत होती. म्हणली, "गप जेव." मी गप जेवले. लई वर्षं तेच केलं.

शिकून काम हुडकायला निघाले तर त्याची वेगळीच गंमत. नांदेडच्या एका दवाखान्यात विचारलं, नर्सिंग झालंय का? एका शाळेत म्हणले, क्राफ्टचा तास घ्या आणि गॅदरिंगचे पडदे रंगवा. एक डॉक्टर होते भले, चहा पाजला आणि म्हणले, इथं चित्र काढून बरं व्हायला कोण येणार, पुण्याकडं बघा. पुण्याकडं बघितलं. तिथल्या सेंटरवाल्या बाई गोड आवाजात म्हणल्या, तुमचं काम चांगलंय, पण तुमची भाषा आमच्या क्लायंटना जड जाईल. म्हणजे इथं मी नको, तिथं माझी बोली नको. आणि आमच्याकडच्या लेकरांनी रडायचं ते कुणाच्या भाषेत रडायचं?

मग हा क्लास मिळाला. पालक विचारायला लागले होते, अभ्यास तुम्ही बघता, लेकराच्या मनाचं कोण बघतं? म्हणून मला आणलं. मेसच्या मागं मोडके बेंच ठेवायची खोली होती, ती दिली. मी झाडून घेतली, चित्रं ठेवायला एक कुलपाचं कपाट मागून घेतलं. हदगाव, देगलूर, उदगीर, कुठकुठची लेकरं डॉक्टर व्हायला आलेली. त्यांना सांगायचे, इथं चांगलं चित्र काढायचं न्हाई, नुसतं काढायचं. बोलावं वाटलं तर बोला, न्हाईतर गप बसा. आणि ह्या खोलीत काढलेलं ह्या खोलीतच राहील. ह्या एका शब्दावर लेकरं यायची. तो शब्द गेला तर माझ्या कामात काय उरतं? नुसते खडू.

हदगावची एक पोरगी यायची. आधी नुसत्या काळ्या चौकटी काढायची. पानंच्या पानं चौकटी. मी काही विचारलं न्हाई. मग एक दिवस तिनं घर काढलं. माय, पप्पा, भाऊ, सगळे पंगतीला बसलेले, ताटं वाढलेली. एक ताट पालथं. मी त्या ताटावर नुसतं बोट ठेवलं. ती म्हणली, "आज्जा गेला तवा मायनं त्याचं ताट असंच घातलं होतं."

"आणि हे कुणाचं?"

"माझं."

त्याच दिवशी तिला मनाच्या डॉक्टरकडं नेलं, औषध सुरू झालं. हॉस्टेलच्या मावशीला तिच्या खोलीतच झोपायला सांगितलं. तिला म्हणले, हे घरी सांगावं लागंल माय. दडपून ठेवण्यासारखं न्हाई. ती माझा हात धरून बसली. म्हणली, "मी सांगते ताई. पण फोनवर न्हाई. पप्पाला समोर बसवून सांगते. तुम्ही बाजूला बसा." ठरलं. दोनच दिवसांनी मेळाव्याला पप्पा येणार होते. आल्याबरोबर त्यांना खोलीत घ्यायचं.

आणि मी रांगोळी उरकून हात धुवायला आत गेले तर स्टेजवर फ्लेक्स चढलेला.

आमच्या लातुरात कशाचाही फ्लेक्स होतो. नंबर आला, फ्लेक्स. वाढदिवस, फ्लेक्स. ह्या फ्लेक्सवर एका बाजूला हात जोडलेले सर आणि दुसऱ्या बाजूला ती पंगत. पालथ्या ताटासकट. खाली पोरीचं नाव, गाव, फोटो आणि मोठ्या अक्षरात 'घरची आठवण : आमच्या कला विभागाची कमाल'.

मी पळतच सरांकडं गेले. "हे कुठून घेतलं?"

"तुमच्या कपाटातून. चावी हाय की ऑफिसात. किती गोड चित्र हाय मॅडम. सगळं घर जेवून राहिलंय. पालकांच्या डोळ्यात पाणी येतंय बघा."

त्यांनी ते ताट बघितलंच नव्हतं. खेड्यात वाढलेला माणूस, पालथं ताट कळत न्हाई असं कसं होईल? पण चित्रात बघायचं काय, तर आपला फोटो नीट आलाय का एवढंच.

"उतरवा," मी म्हणले. "तिच्या वडिलांची गाडी आता येईल. ते यायच्या आत उतरवा."

"का पण?"

"ते मला सांगता येत न्हाई. तिला विचारल्याबिगर कुणालाच दाखवता येत न्हाई."

सर हसले. मग पाहुणे बघून राहिलेत हे दिसलं तसं हसणं गेलं. "कपाट आमचं, कागद आमचा, रंग आमचे. मग चित्र कुणाचं?"

"तिचं."

"लई शहाणी झाली. खुर्चीवर बसवलं कुणी तुला? न्हाईतर घरी बापाची हलगी होतीच की."

'मॅडम'ची 'तू' व्हायला एवढाच वेळ लागला. नेहमीसारखी मान खाली जायला निघाली होती माझी. मग वाटलं, कशापायी? माझ्या बापानं गावाच्या प्रत्येक लग्नात वाजवलं आणि सगळ्यांच्या मागून जेवला. लाज वाटायची असंल तर ज्यांनी त्याला मागं बसवलं त्यांना वाटू दे. मी का म्हणून मान खाली घालू?

"हाय हलगी घरी," मी म्हणले. "ती वाजली का गाव गोळा होतंय. इथं गाव आयतंच गोळा हाय. माईक घेऊन सांगू का, लेकरांची कपाटं कोण उघडतंय ते?"

मी टेबलावर चढले. कागद कापायची कात्री पर्समध्ये होतीच. दोरी कापली, फ्लेक्स खाली आला. सगळा हॉल बघत होता. चित्राची बाजू आत घेऊन मी तो गुंडाळला.

"ए बाई, नोकरी गेली समज तुझी."

"समजले."

दारात पोरगी उभी होती. मागं तिचे पप्पा, खांद्यावर पिशवी, गोंधळलेले. त्यांनी विचारलं, "काय झालं ताई?"

"तुमच्या लेकीला तुमच्याशी बोलायचंय. खोलीत चला."

ती बोलली. मी बाजूला बसले. काय बोलली ते मी इथं सांगणार न्हाई. पप्पा तिला घरी घेऊन गेले, तिची औषधं नांदेडला चालू हायेत.

माझं म्हणाल तर सरांनी लातुरातल्या सगळ्या क्लासवाल्यांना सांगून टाकलंय, ती बाई भांडकुदळ हाय, घेऊ नका. नका घेऊ. नांदेडात मी खोली बघितलीय. दारावर पाटी लावणार, माझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, आणि खाली थेरपिस्ट. लोक विचारतील, हे कसलं दुकान? सांगन त्यांना, रोज सांगन.

पण त्याआधी एक काम हाय. बाकीच्या लेकरांची चित्रं अजून त्याच कपाटात हायेत आणि चावी सरांकडं हाय. म्हणतेत, ती क्लासची मालमत्ता. पुढच्या मेळाव्याला कुणाच्या काळजाचा फ्लेक्स करतील, नेम न्हाई. लेकरांना मी शब्द दिलाय, क्लासनं न्हाई दिला. उद्या सकाळी लातूरला चालले. काही पालक सोबत येतो म्हणलेत. न्हाई आले तर एकटी जाईन. सरांच्या केबिनसमोर बसणार. एकेक चित्र ज्याचं त्याच्या हातात पडल्याबिगर मी तिथून उठणार न्हाई.