पंगतीबाहेरची चार वर्षं

तार मीच उतरवून घेतली. नागभीडच्या स्टेशनात तारबाबू म्हणून बसलं की लोकांचे जन्म, मरणं, बदल्या सगळं बोटांखालून जातं, आणि यंत्राची कटकट ऐकताना अर्थाकडे लक्ष द्यायचं नाही ही सवय होऊन जाते. त्या दिवशी ‘शमुवेल वारले, या’ एवढं लिहिलं, कागदाची घडी घातली आणि हमालाला हाक मारली, की हे पोचतं कर... मग पत्ता पाहिला. पत्ता माझाच होता.

शमुवेल भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, रूथचे यजमान. आलापल्लीकडे जंगल खात्यात नाकेदार होते. नाले चढलेले, मोटार बंद, त्यामुळे मी तिसऱ्या दिवशी पोचलो. तोवर त्यांना माती दिली होती. हिवतापानं गेले. जो तो मला सांगत होता, देवमाणूस गेला. मला संताप येत होता. चार वर्षं या माणसानं प्रभुभोजनाची भाकर तोंडात घातली नव्हती, आणि त्यावर ख्रिस्तमंदिराच्या पायरीवर कुजबुजणारे हेच लोक होते. आमच्यात ठरावीक रविवारी भाकर आणि द्राक्षरस वाटतात. आपल्या पापांसाठी येशूनं प्राण दिला, माणूस आणि देव यांच्यातलं तुटलेलं नातं जोडलं, त्याची ती आठवण. भाऊजी दर खेपेला ताट शेजाऱ्याकडे सरकवायचे. का, ते फक्त मला ठाऊक होतं. आणि ते का घडलं, त्यात माझा हात होता. ते गेल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

झालं ते असं. तोडीसाठी जंगलाचा एक तुकडा ठरला की नाकेदारानं तो फिरून पाहायचा, तोडायच्या झाडाची साल सोलायची आणि तिथं सरकारी हातोड्याचा ठसा मारायचा. ठसा पडला की झाड मेलंच. भामरागडच्या वाटेवरच्या एका माडिया गावात भाऊजींची पद्धत अशी, की गावचा मुखिया, ज्याला तिथं गायता म्हणतात, त्याला सोबत घ्यायचं. तो दाखवेल ती झाडं सोडायची. खात्याचा असा काही नियम नव्हता, भाऊजींनीच लावून घेतलेलं होतं. त्या शनिवारी लालसू गायता दुसऱ्या गावी लग्नाला गेलेला. उद्या सकाळी येतो, असा त्याचा निरोप होता. पण उद्या रविवार. उपासना चुकवायची नाही हा भाऊजींचा हट्ट, आणि आलापल्ली अर्ध्या दिवसाच्या चालीवर. त्यांनी एकट्यानंच भराभरा ठसे मारले, आणि वाटेच्या कडेला उभ्या असलेल्या मोठ्या ऐनाच्या झाडावरही मारला. त्या ऐनात गावाचा देव होता. महिन्याभरात ठेकेदाराच्या माणसांनी तो आडवा केला.

गाव खवळलं. भाऊजी माझ्याकडे नागभीडला आले, दोन घास जेवले आणि म्हणाले, “दाविद, मले झाड ओळखू नाई आलं असं नोतं. खाली दगड होते, शेंदूर होता. म्या पाह्यलं. मनात आलं, हा काई माहा देव नोहे, याच्यासाठी माही उपासना काऊन बुडवू? अन् हातोडा मारला.”

मी काय केलं? मी हुशार माणूस! मी म्हणालो, “भाऊजी, हे कोणाला बोलू नका. नजरचुकीनं झालं म्हणा. नोकरी जाईल, आणि मिशनचंही नाव खराब होईल.” त्यांनी ऐकलं. साहेबाला, गावाला, मंदिरातल्या पाळकांना सगळ्यांना नजरचूक सांगितली. पाळकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, क्षमा झाली म्हणाले. आणि पुढच्याच रविवारी भाऊजींनी ताट सरकवलं.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या साली मी नाताळाला आलापल्लीला होतो. मला ते सरकवणं सहन होईना. मी भांडलोच. म्हटलं, “क्रुसावरचं बलिदान तुम्हाला अपुरं वाटतं का? तिथं सगळ्या जगाचं पाप धुतलं गेलं आणि तुमचं एक झाड तेवढं उरलं?”

ते चिडले नाहीत. म्हणाले, “देवानं हात पुढे केला हाय, हे मले मान्य हाय. पण म्या माहा हात पाठीमागं लपवला होता न! खोटं बोललो त्या गावाशी. तो हात कसा पुढे करू?”

मी म्हटलं, तुम्ही अडून बसलाय. तेवढ्यावर मी विषय संपवला. आमची शेवटची धड भेट तीच...

मी पोचल्याच्या दोन दिवसांनी पाणी ओसरलं, आणि लालसू गायता चार माणसं घेऊन चालत घरी आला. अंगणातच बसला. रूथनं पाणी दिलं. मग तो रूथकडे बघून म्हणाला, “बाई, या साली त्याले बलावणार होतो. गावानं ठरवलं होतं.”

कुठं बोलावणार, ते आम्हाला कळेना. मग त्यानं सांगितलं. नाताळाच्या त्या भांडणाच्या खूप आधी, झाड पडलं त्याच साली, भाऊजी एकटे गावात गेले होते. ‘चूक नोती, म्या पाहून मारला’ असं सगळ्यांसमोर बोलले होते. गावानं दंड मागितला नाही, बकरा मागितला नाही. म्हणाले, नव्या भाताचा पंडुम, म्हणजे सण असतो, तेव्हा गाव एकत्र जेवतं. तू ये आणि बाहेर बस. आम्ही बोलावू तेव्हा आत ये. “चार साल आला,” गायता म्हणाला. “एकदा पाऊस होता, तरी बसला. पोरं हसत. एका सालीबी ‘बलावता काऊन नाई’ म्हणला नाई.”

म्हणजे मी ज्याला अडून बसणं म्हणत होतो, ते हे होतं. तिथून बोलावणं आल्याशिवाय इथल्या भाकरीला हात लावायचा नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. रूथलासुद्धा सांगितलं नाही. ती भिंतीला टेकली आणि तोंडात पदर कोंबून रडली. माझ्या मनात मात्र भलताच प्रश्न होता, आणि मला त्याची लाज वाटते.

मी विचारलं, “नजरचूक म्हणायला कोणी शिकवलं, ते बोलले का?”

“नाई. कोनाचं नाव नाई घेतलं.”

मला तिथंच उठून घरात जाता आलं असतं. वाचलो, असं एकदा वाटूनही गेलं, खोटं कशाला बोलू. पण रूथ माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, “मी शिकवलं होतं.”

रूथनं नजर खाली केली. गायता उठला, धोतर झटकलं आणि माणसांना चला म्हणाला. कुंपणाशी जाऊन वळला. “बाबू, पंडुमले ये.”

“आत की बाहेर?” मी विचारलं.

“ये तर,” म्हणाला, आणि गेला.

परवाच्या रविवारी इथं नागभीडच्या मंदिरात भाकरीचं ताट माझ्यापुढे आलं. लहानपणापासून किती सहज उचलत आलो होतो मी तो तुकडा! ताट दोन्ही हातांत धरून थोडा वेळ बसलो, मागचा माणूस खाकरला, तेव्हा शेजारी सरकवलं. पुढल्या आठवड्यात पंडुम आहे. रजेचा अर्ज दिलाय. रूथनं पत्र पाठवलंय, झाड पडल्यापासूनचं पहिलं असं पत्र, की ज्यात लोकांच्या कुजबुजीची एकही तक्रार नाही. लिहिते, तीही येणार आहे, आणि मला जिथं बसवतील तिथंच ती बसेल.