रेमीच्या रुमालाचं कडं

माझी थोरली बहीण सोलांज स्वस्थ बसलेली मी कधी पाहिली नाही, पण त्या रविवारी तिने कहरच केला. औरिलाक गावच्या बाजारात चाळीस वर्षं बटणं-दोरे विकलेली बाई. तिच्याकडे दुपारचं जेवण साडेबाराला म्हणजे साडेबाराला. त्या दिवशी मात्र अकरालाच टेबल मांडून ती सारखी खिडकीशी जात होती. तिचा मुलगा रेमी येणार होता. तीन वर्षांपूर्वी, वडिलांचं दुकान विकण्यावरून भांडून, तो जेवणाच्या शेवटचं चीज यायच्या आधीच टेबलावरून उठून गेला होता. भांडण ती विसरली असती. भर जेवणातून उठणं नाही.

आमच्याकडे घरच्या माणसाचा जेवणाचा रुमाल जेवण झालं की गुंडाळून त्याच्या स्वतःच्या कड्यात जातो, पुढच्या जेवणासाठी. पाहुणा तो चुरगळून ताटाशेजारी ठेवतो. रेमीचं लाकडी कडं तिने सकाळीच पुसलं होतं. पण त्याच्या जागेवर पाहते तर इस्त्रीचा कोरा रुमाल, आणि कडं हिच्या एप्रनच्या खिशात!

"अगं, पोरगा आहे तुझा. मेयरसाहेब येतायत का जेवायला?"

"राहणार आहे का, ते आधी त्याला सांगू दे. मीच का पडतं घेऊ?"

रेमी आला. रुमाल पाहिला आणि त्याचा चेहराच उतरला. जेवताना सोलांज मिठासाठी उठली, पावासाठी उठली, उगाचच उठली. दोघं हवापाण्याचं बोलत होते. चीज आलं तेव्हा माझा जीव टांगणीला लागला, पण तो बसून राहिला. कॉफी संपल्यावर त्याने रुमाल नीट चुरगळला आणि ताटाशेजारी ठेवला.

"छान झालं होतं, आई. तीनची गाडी आहे मला."

मला अस्सा राग आला दोघांचा! "सोलांज, खिशातलं काढ, नाहीतर मी काढते!"

"मावशी, काय आहे खिशात?" कोट घेता घेता रेमीने विचारलं.

सोलांजने खिशातून कडं काढलं. तिने त्याचा चुरगळलेला रुमाल उचलला, गुडघ्यावर सारखा केला आणि गुंडाळला. कड्यात घालताना तो दोनदा निसटला. मग तिने तो त्याच्या जागेवर ठेवला.

रेमी कोटाची एक बाही चढवून तसाच उभा.

"रात्रीचं सूप किती वाजता?"

"साडेसातला," ती डोळे पुसत म्हणाली. "तुझ्यासाठी वेळ बदलणार होते की काय?"