माझ्या घरचं नाक

आमच्या घरात नाकाला फार मान होता. वडिलांचं, आत्याचं, माझं, सगळ्यांची नाकं एकाच साच्यातली: सरळ, निमुळती, टोकाला किंचित खाली वळलेली. भावासाठी मुली बघायला गेलो की शिक्षण, स्वयंपाक वगैरे आई विचारायची. वडील फक्त नाक बघायचे. बसक्या नाकाची मुलगी असली की परतीच्या वाटेवर तिची यथेच्छ टिंगल व्हायची आणि तीत माझा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे केलं त्याचं मूळ मेडिकल कॉलेजात नाही, तिथे आहे.

नव्वदच्या दशकात मी मुंबईहून प्लास्टिक सर्जरी शिकून नाशकात परत आलो आणि गंगापूर रोडवर एका औषधांच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत दवाखाना थाटला. प्लास्टिक सर्जरी म्हणजे अंगात प्लास्टिक बसवतात अशी लोकांची समजूत होती. एका गृहस्थांनी तर उन्हात ते वितळणार नाही ना, असं गंभीरपणे विचारलं होतं. सुरुवातीला भाजलेले हात, दुभंगलेले ओठ, मशीनमध्ये गेलेली बोटं असंच काम येई. मग हळूहळू लग्नाच्या मुली यायला लागल्या. म्हणजे मुलींच्या आया यायच्या, मुली सोबत असायच्या. बाकी सगळं छान आहे हो डॉक्टर, एवढं नाक तेवढं बघा, असं आई म्हणायची. कसं नाक हवं, हे मी मुलीला विचारायचो. ती आईकडे बघायची. मग मीही आईशीच बोलायला लागायचो. पुढे पुढे मी विचारणंच सोडलं, कारण मला कसं करायचं ते मला ठाऊक होतं.

माझ्याकडे नमुना होता. जुनी एक्स-रेची फिल्म गरम पाण्यात धुतली की स्वच्छ पारदर्शक होते. तिच्यातून मी बाजूने दिसणाऱ्या नाकाची कड कापून ठेवली होती. ऑपरेशनच्या टेबलावर ती पेशंटच्या चेहऱ्याशी धरायची आणि तिच्याबाहेर येईल ते तासायचं. मुंबईत मला शिकवणाऱ्या सरांचा नियम होता की नमुना दर पेशंटसाठी नवा कापायचा, त्याच्या किंवा तिच्या चेहऱ्यावरून. मी एकच कापला आणि वर्षानुवर्षं तोच वापरला. तो कुणावरून कापला होता हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. न्हाव्याच्या दुकानातले दोन आरसे समोरासमोर धरून, स्वतःकडे बघत कापला होता.

आता ज्या बाईमुळे हे सगळं सांगतोय, तिच्याबद्दल. गंगापूर धरणाच्या पलीकडच्या एका गावात तिच्या सासरचा झेंडू आणि शेवंतीचा मळा होता. पहाटे फुलं काढून ती नाशकात आणून विकायची. एकदा वणीहून परतताना जीपमध्ये ती पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी चौथी बसली होती. जीप उभ्या ट्रॅक्टरवर गेली आणि पुढची काच तिच्या तोंडावर आली. सरकारी दवाखान्यात टाके घालून जीव वाचवला होता, पण नाकाचा हाडाखालचा भाग गेला होता. माझ्याकडे आली तेव्हा ती पदराने अर्धा चेहरा झाकून, भिंतीकडे तोंड करून बाकावर बसली होती. वय असेल सव्वीस-सत्तावीस. नवरा सोबत होता आणि सासू तिच्या दोन वर्षांच्या मुलीला घेऊन खाली फुटपाथवर थांबली होती, कारण पोर आईकडे बघून रडायचं.

अशा वेळी कपाळाची कातडी घेऊन नाक करतात. ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे. कपाळावर नाकाचा आकार उलटा काढायचा, ती कातडी भुवईपाशी एका देठाने जोडलेली ठेवून सोडवायची, वळवून खाली आणायची आणि शिवायची. तीन आठवडे तो देठ डोळ्यांच्या मधोमध तसाच राहतो, मग तोडायचा. मी हे सगळं तिला समजावलं. तेव्हा मी तिला ‘तू’ म्हणत होतो, तिच्या नवऱ्यालाही. तिने दोनच गोष्टी विचारल्या. एक, कुंकू कुठं लावायचं. आणि दुसरी विचारताना तिने पिशवीतून रुमालात गुंडाळलेला एक फोटो काढला.

वणीला गडाच्या पायथ्याशी देवीचा रंगवलेला पडदा लावून फोटो काढून देतात, तसला तो होता. मुलीला पहिल्यांदा गडावर नेलं तेव्हाचा, पोर कडेवर असलेला. तिच्या उभ्या आयुष्यातला तेवढा एकच फोटो.

“होतं तसंच द्या,” ती म्हणाली. “दुसरं काही नको.”

मी फोटो घेतला. खोटं कशाला बोलू, एक नजर टाकली होती. बसकं, पसरट नाक, डाव्या नाकपुडीवर चमकी. मनात आलं, हे परत कशाला करायचं? देवाने एवीतेवी नवी संधी दिली आहे तर चांगलं देऊ या. असंच, याच शब्दांत मनात आलं. बघतो, म्हणालो आणि फोटो तिच्या एक्स-रेच्या पाकिटात टाकला. ऑपरेशनच्या दिवशी ते पाकीट उघडलंही नाही. नमुना माझ्या खिशात होताच.

काम सुरेख झालं. आजही त्यात मला खोट काढता येत नाही, हीच तर अडचण आहे. कानाच्या मागची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, घेऊन टोक उभं केलं, नाकपुड्या बारीक ठेवल्या. देठ तोडला, सूज उतरली आणि एका सकाळी मी तिच्या हातात आरसा दिला. तिने बराच वेळ पाहिलं आणि ती रडायला लागली. आवाज नाही, नुसतं पाणी. आनंदाचे अश्रू, असं मी नर्सला म्हणालो. नंतर डॉक्टरांच्या सभांमध्ये, जेवणाच्या टेबलांवर, लग्नाच्या मुलींच्या आयांना, कितीतरी लोकांना मी हे आनंदाचे अश्रू ऐकवले. त्याच दिवशी सासूने पोराला वर आणलं तर ते आजीच्या मानेत तोंड खुपसून बसलं, आईकडे जाईना. व्रण फिके पडले की येईल, असं मी सांगितलं. तिला फोटो परत हवा होता. शोधून ठेवतो म्हणालो. सहा महिन्यांनी ती पुन्हा त्यासाठी आली, तेव्हा हरवला असेल असं सांगून मोकळा झालो. माळ्यावर चढून पाकीट शोधण्याचा कंटाळा, दुसरं काही नाही.

तिचे आधीचे आणि नंतरचे फोटो मात्र मी जपून ठेवले होते. माझ्या अल्बमचं ते पहिलं पान होतं. लावू का म्हणून तिला विचारावं, हे सुचलंच नाही.

मध्ये पंधरा-सोळा वर्षं गेली. गंगापूर रोडवर इमारती उठल्या, माझा दवाखाना मोठा झाला, नावापुढे पाटीवर बरंच काही आलं. एका दुपारी रिसेप्शनवरच्या बाईंनी सांगितलं की एक मुलगी आणि तिची आई आलीय, आई म्हणते डॉक्टर ओळखतात. आईला मी तत्काळ ओळखलं. खरं म्हणजे मी माझं काम ओळखलं. कपाळावरचा व्रण बारीक रेघ होऊन गेला होता आणि कुंकू त्या रेघेच्या थोडं खाली होतं.

मुलगी कॉलेजात शिकत होती. चुणचुणीत, स्वतःच बोलणारी. पाहुणे बघून जातात, आईला बघतात, मग हिला बघतात आणि कुजबुजतात, असं तिने सांगितलं. एक बाई तर तोंडावर म्हणाली होती की आई एवढी नाकी डोळी नीटस आणि पोरगी कुणावर गेली? त्या ‘कुणावर’चा अर्थ न कळण्याएवढी ती लहान नव्हती. आई तिला सारखी सांगायची की माझंही तुझ्यासारखंच होतं, पण ती समजूत काढते आहे असंच हिला वाटायचं.

“मला आईसारखं नाक पाहिजे,” ती म्हणाली. “तुम्हीच केलंय ना आईचं? मग तसंच.”

मग आईने तिसऱ्यांदा तीच मागणी केली, की साहेब, तो वणीचा फोटो कुठं घावला तर बघा, पोरीला एकदा दाखवायचा हाय. या वेळी मी उठलो. का उठलो ते माहीत नाही, बहुधा मुलीच्या समोर नाही म्हणवेना. माणूस माळ्यावर चढवला. पाकीट अर्ध्या तासात सापडलं. धूळ झटकली, आत हात घातला, आणि एक्स-रेच्या मागे फोटो होता, मी टाकला होता तसाच. तो कधी हरवलाच नव्हता.

मुलीने फोटो हातात घेतला. बघत राहिली. मग गोंधळून आईला म्हणाली, “मी कधी काढला हा? आणि कडेवर कुणाचं बाळ हाय?”

“कडेवर तू हायेस,” आई म्हणाली.

मला फोटोकडे बघायची गरज नव्हती, पण मी पाहिलं. तेच नाक, तेच गाल, हसताना वरचा ओठ तसाच दुमडलेला. पोर त्या दिवशी आजीच्या मानेत का लपलं होतं, हे मला पंधरा-सोळा वर्षांनी कळलं. एका बाईच्या तोंडावर मी माझ्या घरचं नाक बसवलं होतं, आणि तिच्या मुलीला तिच्यापासून तोडलं होतं. माफी मागावी असं वाटत होतं आणि तोंडातून मात्र त्या काळी अशीच पद्धत होती असं काहीतरी निघालं. तेही खोटं. सरांची पद्धत तशी नव्हती.

“तुमी चांगलंच केलं साहेब,” आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मग खुर्ची जरा पुढे ओढून तिने विचारलं, “पोरीचं नका करू. माझंच परत तिच्यासारखं होतंय का बघा.”

मी तिला सांगितलं की नाही होणार. कपाळाची कातडी एकदाच घेता येते, वय झालंय, उगाच धोका कशाला. ‘तुम्ही’ म्हणून, अदबीने सांगितलं. बरं, म्हणाली. मुलीने फोटो आईला परत दिला नाही. स्वतःच्या पर्समध्ये, कॉलेजच्या ओळखपत्राच्या मागे ठेवला आणि दोघी जिना उतरून गेल्या. ती मुलगी नाकासाठी पुन्हा आली नाही.

आता जे कुणाला सांगितलेलं नाही ते सांगतो. अगदी तसंच झालं नसतं, पण पुष्कळसं झालं असतं. टोकाची कूर्चा काढायची, नाकपुड्या रुंद करायच्या, दोन तासांचं काम. कातडी नव्याने घ्यायची गरजच नव्हती. तिने विचारलं तेव्हा हे सगळं मला लख्ख दिसलं होतं. पण त्याच्याही आधी मनात आलं होतं की माझं सगळ्यांत चांगलं काम बिघडेल. त्याच आठवड्यात लग्नाच्या एका मुलीला घेऊन तिची आई आली, आणि मी नेहमीसारखं अल्बमचं पहिलं पान उघडून तिच्यासमोर धरलं.