भिंतीला टेकून झोपताना

"अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला गाठ आहे. काढण्यासारखी राहिलेली नाही," डॉक्टर म्हणाले. मी तेव्हा आमच्या गावी, बीबीला, परतायची बस किती वाजता आहे, याचा विचार करत होतो. माणसाचं डोकं असंच चालतं.

आधी भाकरीचा घास छातीत अडकायचा, मग चहासुद्धा अडकू लागला. एन्डोस्कोपी झाली, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी आत घालून पाहिलं, आणि स्टेंट बसवला. स्टेंट म्हणजे बारीक तारेच्या जाळीची नळी. गाठीला बाजूला रेटून ती वाट मोकळी ठेवते. तिसऱ्या दिवशी मी वाटीभर पातळ खिचडी खाल्ली आणि रडलो.

पण माझी नळी थेट जठराच्या तोंडापर्यंत गेलेली. तिथली झडप आता मिटत नाही. आडवं झालं की पोटातलं आम्ल वर येतं, यालाच ॲसिड रिफ्लक्स म्हणतात. डॉक्टरांनी बजावलं, "यापुढे सपाट झोपायचं नाही. आम्ल फुफ्फुसात उतरलं तर जिवावर बेतेल."

सकाळी उपाशीपोटी गोळी, थोडं थोडं खाणं, जेवल्यावर तीन तास आडवं न होणं, हे सगळं जमलं. मधल्या खोलीत भिंतीशी गादी-लोड लावून मी बसल्या बसल्या झोपू लागलो.

घोळ तिथे झाला. आम्ही लिंगायत वाणी. आमच्यात माणूस गेला की त्याला भिंतीशी बसवतात, कपाळाला भस्म लावतात आणि बसलेलाच पुरतात. अकरा वर्षांपूर्वी बाबांना याच भिंतीशी बसवलं होतं. त्यांची मान पडू नये म्हणून ज्या खुंटीला कापड बांधलं, ती आता माझ्या डोक्यावर होती. जागा निवडताना मला हे सुचलंही नाही. मला फक्त पंख्याचा वारा हवा होता.

भेटायला येणारी माणसं दारातच थबकायची. शेजारचे काका एकदा हात जोडून उभे राहिले. मी खोकलो तसे बिचारे मटकन खालीच बसले. मला हसू आलं, पण तेवढ्यापुरतंच.

मग एका दुपारी कपाळावर गार बोट फिरलं आणि मला जाग आली. भस्माचा वास आला. आईचा आवाज अगदी हळू होता, "एवढी घाई काऊन केली हो? मले सांगतलं पण नाही."

आईला मोतीबिंदूमुळे धूसर दिसतं. ती माझ्याशी नाही, बाबांशी बोलत होती. मला डोळे उघडायचे होते, पण उघडवेनात. ती जाईपर्यंत मी बाबांसारखा बसून राहिलो. वाटलं, आपण खरंच गेलोय, फक्त आपल्याला कुणी सांगितलेलं नाही.

त्या दिवसापासून मी गुपचूप सपाट झोपू लागलो. आईसाठी, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी भ्यालो होतो.

पाचव्या दिवशी ताप आला आणि धाप लागली. ॲस्पिरेशन न्यूमोनिया, म्हणजे पोटातलं श्वासनळीत उतरून फुफ्फुसाला झालेला संसर्ग. आठ दिवस ऑक्सिजनवर होतो, तेही बसूनच. डॉक्टर चिडले, "पुन्हा असं केलंत तर मी काही करू शकणार नाही." बायको एवढंच म्हणाली, "मले तरी सांगायचं होतं."

घरी आल्यावर आईला समोर बसवून सगळं सांगितलं. भस्माचंही सांगितलं. तिने हाताने ती भिंत चाचपली. मग म्हणाली, "तू बसूनच झोप. मी हाक मारत जाईन. तू फक्त ओ देत जा." बायकोने खुंटी उपटली. भिंतीत भोक तेवढं उरलं आहे.

तुमच्यापैकी कुणाला असा स्टेंट बसला असेल, तर डॉक्टर सांगतील तसं बसून झोपा आणि का बसता ते घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगा. मी सांगितलं नाही, ते जिवावर बेतलं होतं.

गाठ आहे तिथेच आहे. किती दिवस, ते मी विचारत नाही. रोज दुपारी आईची हाक येते आणि मी ओ देतो. त्या एका हाकेसाठी मी तिचा ऋणी आहे.

परवा हाक आलीच नाही. मी आपणच जागा झालो. आई माझ्या शेजारी, त्याच भिंतीला टेकून बसली होती. डोळे मिटलेले, हात मांडीवर. मी हाक मारली. ओ आली नाही. ती रोज काय सोसत होती, ते तेव्हा कळलं. मी पुन्हा हाक मारली.

"आहे रे," आई म्हणाली, "आहे मी."