मेथीच्या कॅरेटची मुकी टिकली

अकोल्यात जुन्या शहराच्या पलीकडे, मोर्णा नदीच्या काठाला वच्छलाबाईचा मळा आहे. तो शोधायला कुणाला पत्ता विचारावा लागत नाही, आवाजाच्या दिशेने चालत राहायचं. वच्छलाबाई मळ्याच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाशी ज्या आवाजात बोलते, त्याच आवाजात मांडीला मांडी लावून बसलेल्या बाईशीही बोलते. तिच्या नवऱ्याने, केशवरावांनी, लग्नाच्या पहिल्याच वर्षी बोलण्याचं खातं तिच्याकडे सोपवलं, विहिरीवरची मोटार आपल्याकडे घेतली आणि संसार सुखाचा केला.

या बाईला गर्व फक्त एका गोष्टीचा, तिच्या पालेभाजीच्या तजेल्याचा. मेथी, पालक आणि सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर, पण वऱ्हाडात बाजारात उभं राहून कोथिंबीर म्हणालात तर तुम्ही बाहेरगावचे, आणि भावही बाहेरगावचाच लागेल. वच्छलाबाईची जुडी दुपारपर्यंत मान टाकत नाही. याचं गुपित कुणी विचारलं तर ती म्हणायची, "पानी! दुसरं काय राह्यते?" कॅरेट भरला की ती स्वतःच्या हाताने त्यावर पाणी मारायची, पानं ठिबकेपर्यंत. मग वरून ओलाकच्च बारदाना, म्हणजे गोणपाट. गड्याने मारलेल्या पाण्यावर तिचा विश्वास नव्हता. तो मारून गेला तरी ती मागून पुन्हा मारायची. गल्लीतल्या सगळ्या माळिणी तिचं बघून तसंच करू लागल्या होत्या.

हा माल, गल्लीतल्या वांग्या-कांद्यांसोबत, भल्या पहाटे अमरावतीला जायचा. तिथे शेतकऱ्यांच्याच कंपनीचं मोठं गोदाम होतं आणि माल पोचवायचा गोवर्धनने. गोवर्धन त्याच गल्लीतला. त्याला सख्खी बहीण नाही, म्हणून वच्छलाबाई कितीतरी वर्षं त्याला राखी बांधत आलेली. माणूस असा अबोल की तिच्या शेजारी बसवला तर दोघांचं मिळून बोलणं बरोबर एका माणसाएवढं भरावं. टेम्पो वच्छलाबाईचा, जुना, पण तो रोज धुऊन ठेवायचा. एक सवय मात्र पक्की: मूर्तिजापूरला टपरीवर थांबून चहा घ्यायचा, मगच पुढे.

गोदामात सगळ्या गावांचे कॅरेट एकाच हिरव्या रंगाचे. कुणाचे कुठे गेले याचा रोजचा तंटा. यावर उपाय आणला मोनालीने. मोनाली म्हणजे वच्छलाबाईच्या बहिणीची मुलगी, अमरावतीला इंजिनिअर होऊन त्याच गोदामात कामाला लागलेली. एका दुपारी ती पिशवीभर पट्ट्या घेऊन मावशीच्या अंगणात उतरली. प्रत्येक पट्टीत चांदीच्या रंगाची नागमोडी रेघ आणि मधे तिळाएवढा काळा ठिपका. बायकांनी लगेच तिला टिकली म्हणायला सुरुवात केली.

"हे चालते कशावर? सेल कुठी हाये याचा?" वच्छलाबाईने पट्टी उलटसुलट करून पाहिली.

"सेल नाईच, मावशी," मोनाली म्हणाली. "गोदामाच्या दारात दोन खांब लावले. ते रेडिओच्या लहरी फेकतात. लहर या रेघेवर पडली का तेवढ्याच जोरावर हा ठिपका जागा होते आन् आपला नंबर सांगते. गाडी दारातून गेली का सारे कॅरेट आपापला नंबर सांगून मोकळे. कोनाले हात लावाचं काम नाई, का एकेक उचलून दाखवाचं काम नाई."

"म्हंजे दारातून हाक मारली का घरातून ओ येते, असं."

"अगदी तसंच!"

"मंग आतून लाव. बाहेरून लावशीन तं घासून जाईन."

मोनालीने आतून लावल्या. रिकाम्या, कोरड्या कॅरेटवर हातातलं यंत्र फिरवून पाहिलं, सगळ्या बोलल्या. वच्छलाबाईने नव्या सुनेला लावावं तसं प्रत्येक कॅरेटला हळदीकुंकू लावलं. गोदामात दारावर माणसाने मोजायचं बंद झालं, खांब मोजू लागले; आत माल सगळ्या गावांच्या ढिगात मिसळायचा, तो पुन्हा कुणी मोजत नसे.

आणि पंधरवड्यात बोंब झाली. गोदामाचे व्यवस्थापक खुशालराव यांचा फोन आला. माणूस भला, त्यांना बोलताना जड जात होतं. "बाई, तुमच्या गाडीतले वांगे येतात, कांदे येतात, ढेमसे येतात. पालेभाजीचे कॅरेट रोज कमी येतात. गाडी रस्त्यात कुठी थांबते का?"

गाडी कुठे थांबते हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत गोवर्धनचं नाव प्रत्येक ओट्यावर पोचलं. पालेभाजी म्हणजे टपरीवर, ढाब्यावर हातोहात खपणारा माल. कांदा कोण चोरतो? हिशोब इतका सोपा बसला की वच्छलाबाईलाही तो पटला. आणि तिने, ज्याला ती राखी बांधत होती त्याला, चार बायकांच्या देखत विचारलं, "कावून रे, तू रोज मूर्तिजापूरलेच कावून थांबतं?"

गोवर्धनने तिच्याकडे पाहिलं. त्याने शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं, तिनेही दिल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. त्याने खिशातून टेम्पोची चावी काढली, ओट्यावर तिच्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "बाई, उद्यापासून दुसरा मानूस पाहून घ्या."

वच्छलाबाईच्या घशातून आवाज फुटला नाही. केशवराव सांगतात की सगळ्या संसारात त्यांनी ही गोष्ट पहिल्यांदा पाहिली. तिला स्वतःचीच लाज वाटत होती आणि शंका तरीही जात नव्हती. दोन्ही एकदम सोसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

पहाटे ती चावी घेऊन त्याच्या दारात उभी. "चाल. मी येतो तुह्यासंगं. गाडी तू चालोजो, म्या माल पाह्यतो. आज जे होईन ते माह्या डोयासमोर होईन."

त्या दिवशीचा माल तिने जास्तच मन लावून भरला. मेथीवर पाणी, पालकावर पाणी, सांभारावर पाणी, वरून बारदाना आणि बारदान्यावर पुन्हा पाणी. मग गोवर्धनच्या शेजारी बसली आणि अमरावतीपर्यंत मान मागे वळवून कॅरेटकडे पाहत राहिली. मूर्तिजापूर आलं. गोवर्धनने टपरीकडे पाहिलंही नाही. गाडी सरळ पुढे गेली, आणि ते न थांबणं तिला त्याच्या कुठल्याही बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

गोदामाच्या दारात टेम्पो शिरला. खांबांवरचा दिवा हिरवा झाला आणि टुकटुक सुरू झालं. भिंतीवरच्या पडद्यावर नंबर उमटू लागले. वांगे आले. कांदे आले. ढेमसे आले. टुकटुक थांबलं. पडद्यावर खाली लाल अक्षरं: पालेभाजी नाही.

वच्छलाबाई टेम्पोतून उतरली नाही, तिने उडीच टाकली. "नाई कशी? हे काय हाये मंग? हे मेथी नाई तं काय हाये, माह्यं डोस्कं?" तिने बारदाना ओढून फेकला. खुशालराव बाहेर आले, हमाल गोळा झाले. "सारा रस्ता म्या याच्यावरून नजर काढली नाई! गाडी कुठीच थांबली नाई! माल इथंच हाये आन् तुमचा खांब म्हन्ते नाई!"

मोनाली धावत आली. तिने हातातलं यंत्र मेथीच्या कॅरेटवर धरलं. काही नाही. जवळ नेलं, तरी काही नाही. ती गोंधळून कॅरेटकडे पाहत राहिली. कॅरेटच्या फटींतून पाणी तिच्या चपलेवर ठिबकत होतं, आणि पाय ओला झाला तसा तिचा चेहरा बदलला.

"मावशी... हे रोज एवढं ओलं राह्यते?"

"मंग? सुकं धाडू का?"

"पानी या लहरी पिऊन टाकते वो! टिकली आतून लावली, तिले चारी बाजूनं वल्ली भाजी चिकटली. दारातली हाक तिच्यापर्यंत पोचतच नाई, तं ती जागी कशी होईन? वांगे-कांदे कोरडे, म्हनून ते बोलले. म्या त रिकामे कॅरेट पाह्यले होते. माहीच चूक झाली."

वच्छलाबाई ऐकत होती. म्हणजे पाणी तिचं. टिकली आतून लाव म्हणणारी तीच. आणि बोट दाखवलं गोवर्धनकडे. तिच्या जागी दुसरा कुणी असता तर हळूच बाजूला झाला असता, यंत्राला दोन शब्द ऐकवून घरी गेला असता. पण या बाईला हळू काही करताच येत नाही. ती दारात मधोमध उभी राहिली आणि सगळ्या गोदामाला ऐकू जाईल असं म्हणाली,

"ऐका सारे! याच्या गाडीतून मालाची एक जुडीबी गेली नाई. पानी म्या मारलं, टिकली म्या आतून लावाले लावली, आन् चोर ठरवला याले. मी चुकलो. गोवर्धन खरा हाये!"

गोवर्धन स्टेअरिंगवर हात ठेवून बसला होता. त्याने मान खाली घातली.

"आता भाजी कोरडी आना म्हनता का?" वच्छलाबाई मोनालीकडे वळली. "ते जमाचं नाई, सांगून ठेवतो."

"कोरडी नोका आनू. टिकलीले पान्यापासून दूर न्या लागते. बाहेरून, कडीपाशी लावू. पन कॅरेटच्या वल्ल्या अंगालेबी टेकली नाई पाह्यजे, मधात बोटभर जागा हवी. असं काही जाड, कोरडं..."

वच्छलाबाईने इकडेतिकडे पाहिलं आणि पायातली स्लिपर काढली. जुनी, टाचेकडे झिजलेली, पण रबर अजून जाड. हमालाच्या कोयत्याने तिने तिचे तुकडे केले, मग दुसरीचेही. मोनालीने प्रत्येक तुकड्यावर नवी टिकली चिकटवली, खुशालरावांनी स्वतः सुतळी आणली आणि तुकडे कॅरेटच्या कडीला बाहेरून बांधले गेले. ओले कॅरेट टेम्पोत मधोमध होते, ते खांबांच्या बाजूला, कडेला घेतले. मग वच्छलाबाईने बादली मागवली आणि मेथीवर पुन्हा पाणी मारलं. हमाल हसायला लागले. "पाहू द्या त याची खरी परीक्षा," ती म्हणाली.

गोवर्धनने टेम्पो दाराबाहेर मागे घेतला आणि सावकाश आत आणला.

टुक. टुकटुक. टुकटुकटुक. मेथी आली. पालक आला. सांभार आला. पडद्यावरची लाल अक्षरं पुसली गेली, शेवटचा नंबर उमटला आणि कुणीही सांगितलं नसताना सगळं गोदाम टाळ्या वाजवू लागलं. मोनालीने मावशीला मिठी मारली. खुशालराव गोवर्धनच्या खिडकीपाशी गेले, हात जोडून काहीतरी बोलले आणि गोवर्धनने ते हात धरून खाली घेतले. अनवाणी वच्छलाबाई दारात कमरेवर हात ठेवून उभी होती, कुस्ती मारल्यासारखी. ती इतक्या मोठ्याने हसत होती की खांब पुन्हा वाजायचे तेवढे राहिले.

आता त्या गोदामात येणाऱ्या प्रत्येक गावाच्या पालेभाजीच्या कॅरेटला चपलेचा तुकडा लटकलेला दिसतो. कंपनीने पुढे त्यासाठी चांगला फोम आणला, पण माळिणी अजून त्याला वच्छलाबाईची चप्पलच म्हणतात आणि तिला त्याचा मेथीएवढाच गर्व आहे.

त्या दिवशी परतताना रिकामा टेम्पो खडखडत होता. मूर्तिजापूर जवळ आलं तसं गोवर्धनने गाडीचा वेग वाढवला.

"थांबव," वच्छलाबाई म्हणाली.

"काहाले, बाई? उशीर होईन."

"थांबव म्हनलं ना."

गाडी टपरीपाशी उभी राहिली. वच्छलाबाईने जन्मात कधी टपरीवर चहा घेतला नव्हता. बायामाणसांनी रस्त्यावर उभं राहून चहा पिणं तिला आवडत नसे. ती अनवाणी उतरली, बाकड्यावर भर रस्त्यासमोर बसली आणि टपरीवाल्याला तिच्या त्या मळ्यापार जाणाऱ्या आवाजात म्हणाली, "दोन चहा आना. हा माहा भाऊ हाये. रोज इथंच थांबते, आन् रोज इथंच थांबन."

गोवर्धनने डोळे पुसले आणि तिच्या शेजारी येऊन बसला.