पाटावरची सुपारी

गेल्या वर्षी आमच्या नायगावच्या चाळीत श्रावणातल्या सत्यनारायणाला बसायचा मान आम्हा नवराबायकोला मिळाला, आणि कथा संपेपर्यंत मी तीनदा उठलो. माझा प्रोस्टेट वाढलेला, संडास मजल्याच्या टोकाला. तिसऱ्यांदा परत येऊन बघतो तर माझ्या पाटावर सुपारी! भटजी म्हणाले, "काका, पूजा खोळंबते. तुमच्या जागी ही बसवलीय." पोरांना वर्षभराचा विषय मिळाला. बायकोला मात्र ते फार लागलं. "चाळीस वर्सां संसार केलंय आणि सुपारीच्या बाजूक बसलंय," असं ती बहिणीला फोनवर सांगत होती.

यंदा चाळ पाडायच्या आधीची शेवटची पूजा. सगळ्यात जुनं जोडपं आम्हीच, म्हणून मान पुन्हा आमच्याकडे. मी परळच्या डॉक्टरीणबाईंकडे धावलो. म्हटलं, काहीही करा, मला तासभर बसवा.

"काका, प्रोस्टेटच्या चालू आहेत त्या दोन गोळ्या सोडायच्या नाहीत. सोबत ओमेगा-थ्रीची कॅप्सूल देऊन बघू, फॅटी ॲसिड असतं. पण फरक पडेलच असं नाही हं."

घरी बायकोने चष्मा लावून बाटली वाचली. "ह्या माशाचा तेल! श्रावणात? देवाक काय सांगतलात?"

"औषध आहे गं."

"तुमका बांगडो पण औषदच वाटता!"

बाटली दाराबाहेर चपलांच्या फळीवर गेली. मीही हट्टी. रोज जेवून बाहेर जायचं, चपलांपाशी कॅप्सूल गिळायची, चूळ भरून आत यायचं. घरात श्रावण, दाराबाहेर प्रोस्टेट, असा महिना चालला.

पूजेच्या दिवशी मी सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही. तीन अध्याय पार पडले. मी भटजींकडे ऐटीत बघितलं. चौथ्यात कथेतली नाव पाण्यात बुडाली आणि माझं अवसान गळालं. बायकोकडे बघायची हिंमत नव्हती. तिनेच कोपराने ढोसलं आणि मूठ उघडली. आत सुपारी होती, घरून धुऊन आणलेली.

"जावा," ती पुटपुटली. "मी आसंय हंय."

मजल्याच्या टोकापर्यंत मी डोळे पुसत गेलो, खोटं कशाला सांगू? परत आलो तर सुपारी तिच्या मुठीतच होती. माझा पाट तिने रिकामा ठेवला होता.