पाठ केलेलं गाव

केतकीचा फोन आला तेव्हा मी ओट्यापाशी कोथिंबीर निवडत उभी होते. केतकी म्हणजे मालूताईंची एकुलती एक मुलगी. ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, रेडमंडला असते. आमच्याकडे ट्रॉयला दुपारचे बारा म्हणजे तिच्याकडे सकाळचे नऊ, तिची ऑफिसची वेळ. त्या वेळी ती कधीच फोन करत नाही, म्हणून नाव बघताच माझ्या मनात पाल चुकचुकली. "मावशी, आई गेली," ती म्हणाली. "झोपेतच. सकाळी मदतीला येणारी बाई आली, तर..." यावर कोणीही रडलं असतं. मी विचारलं, "आधी कोणी पाहिलं? पडली होती का? काल औषधं घेतली होती का?" पलीकडे केतकी रडता रडता हसली. "मावशी, यू आर इंटरॉगेटिंग मी!" तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

मी अशीच आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागात मी तीस वर्षं काढली. समोर आलेला पार्ट चांगला आहे असं धरून चालायचंच नाही, हे तिथलं पहिलं शिक्षण, आणि ते कंपनीच्या दारात ठेवून घरी येणं मला कधी जमलं नाही. मालूताई म्हणायच्या, "नीलू, तू देवळात गेलीस तर मूर्तीची मागची बाजूसुद्धा तपासून येशील." त्यांनी असं काही म्हटलं की राग यायचा नाही, कारण त्यांचंही आयुष्य तपासण्यातच गेलं होतं. त्या पॅथॉलॉजिस्ट होत्या. मिरजेला शिकून लग्नानंतर इथे आल्या, आणि चाळीसेक वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून लोकांचं नशीब वाचत बसल्या. मी नवी नवी ट्रॉयला आले तेव्हा मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात त्यांनी मला कोपऱ्यात बसलेलं पाहिलं आणि विचारलं, "ड्राइव्ह करतेस?" मी नाही म्हटलं. "मग इथे तू नाहीसच असं समज," असं म्हणून पुढचे सहा शनिवार शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये त्यांनी मला स्वतःच्या गाडीवर शिकवलं. तेव्हापासून आमची मैत्री. त्या माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. तोंडावर मी त्यांना मालूताई म्हणायची आणि अगंतुगं करायची. लिहिताना मात्र आपोआप आदर येतो आहे... येऊ दे.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांचे यजमान जाऊन बराच काळ लोटला होता, त्या स्वतः रिटायर होऊनही तीन वर्षं झाली होती. एक दिवस चहा पिता पिता म्हणाल्या, "सप्टेंबरात फ्रान्सला येतेस का? पॅरिस नाही. दॉर्दोन्य नदीकाठी एक गाव आहे, तिथे आठ दिवस राहायचं. गाडी घ्यायची नाही, सगळं चालत." मला तिथेच पहिली शंका आली. ही बाई उभी अमेरिका गाडीने फिरलेली. नायगाराला कितीदा जाऊन आली याचा हिशोब नाही. हिला एकाएकी चालायची हौस का? आणि जगात इतकी गावं असताना, ज्याचं नाव मला अजून धड उच्चारता येत नाही, तेच का? विचारलं तर म्हणाल्या, "फोटोत बघितलं, आवडलं." बस, इतकंच.

गाव खरोखर फोटोतल्यासारखं होतं. मधाच्या रंगाची दगडी घरं, डोक्यावर उभा कडा, पायाशी संथ, हिरवट नदी, आणि नदीपलीकडे अक्रोडाच्या बागा. चौकात जाड लाकडी खांबांवर तोललेलं, भिंती नसलेलं एक मोठं छप्पर होतं. बुधवारी तिथे बाजार भरायचा. चीज, अक्रोडाचं तेल, आणि शाकाहारी माणसाने मान फिरवावी असे बदकांचे नाना प्रकार. आम्ही घेतलेलं घर चौकाच्या वर होतं. टॅक्सीतून उतरलो, आणि मी फोनवर नकाशा उघडेपर्यंत मालूताई चालूसुद्धा लागल्या. "उजवीकडे वळ. आता बावीस पायऱ्या. वर गेलं की निळं दार." पायऱ्या मी मोजल्या. बावीसच होत्या. दारही निळं होतं.

"मालूताई, तू आधी इथे येऊन गेलीस?"

"छे गं. पहिल्यांदाच येतेय."

पुढचे तीन दिवस मी गाव बघितलं असं म्हणणं खोटं ठरेल. मी मालूताईंना बघत होते. चर्चच्या दारातली एक पायरी झिजून खोलगट झाली आहे, हे त्यांना दारापर्यंत जाण्याआधी ठाऊक होतं. बेकरी कुठल्या गल्लीत, पिण्याच्या पाण्याचा नळ कुठे, नदीकडे उतरणारी वाट कुठून फुटते... सगळं त्यांना तोंडपाठ. आणि जे बघायला आलो त्याकडे मात्र त्यांचं लक्ष नसायचं. नदीत एका पायावर उभा असलेला बगळा मी दाखवला, तर त्या "हो, फार छान" म्हणाल्या, तोवर तो उडून पलीकडच्या काठावर गेलासुद्धा होता. रोज सकाळी आठला त्या एकट्याच बाहेर पडायच्या. "तू झोप, मला सवय आहे," म्हणायच्या. तिसऱ्या दिवशी बेकरीतली बाई त्यांना बघून जुनी ओळख असल्यासारखी हसली. मग माझी खात्रीच पटली. या गावात हिचं कोणीतरी आहे. आता हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा माझ्या डोक्यात एक अख्खा माणूस तयार झाला होता. पिकल्या केसांचा, नदीकाठी राहणारा. मालूताईंचे यजमान हयात असताना त्या कॉन्फरन्सच्या निमित्ताने दोनतीनदा युरोपला गेल्या होत्या, हेही मला बरोबर आठवलं.

चौथ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या मागावर गेले. आदल्या दिवशी बाजारात घेतलेली रुंद काठाची टोपी घातली आणि त्या बाहेर पडल्यावर पाच मिनिटांनी निघाले. चौकातल्या छपराच्या एका खांबाला टेकून उभी राहिले. खाली मालूताई दिसत होत्या. उजवा हात भिंतीवरून फिरवत त्या नदीच्या घाटापर्यंत गेल्या, क्षणभर थांबल्या, परत वर आल्या. पुन्हा गेल्या. पुन्हा आल्या. कोणी आलं नाही. ओठ हलताना दिसत होते. मला वाटलं, जप करते आहे. तिसऱ्या वेळी त्या सरळ चौकातच आल्या. लपायला जागा नव्हती. ऊन माझ्या तोंडावर होतं. चार हातांवर आल्यावर त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं, मान किंचित लववली, "बाँजूर, मादाम" म्हणाल्या आणि पुढे निघून गेल्या.

माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पकडलं मला, आणि असा टोमणा मारला! काय बोलायचं ते ठरवत, अंमळ उशिराच मी घरी पोचले. त्या ब्रेडला लोणी लावत बसल्या होत्या. "कुठे गेली होतीस? मला वाटलं, तू अजून अंथरुणातच असशील." आवाजात कुठे टोमणा नव्हता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहत राहिले. आणि माझा तो पिकल्या केसांचा माणूस हळूहळू विरून गेला, त्याच्या जागी दुसरंच काहीतरी उभं राहिलं. पण मी क्वालिटीतली. नुसत्या अंदाजावर माझं भागत नाही.

त्या दुपारी आम्ही नदीतल्या सपाट बुडाच्या होडीत बसलो. होडी कड्याखालून चालली होती. कड्यावर झुडपं होती, एक पडका बुरूज होता, बाकी काही नव्हतं. मी बोट दाखवून म्हटलं, "मालूताई, बघ, केवढा पांढराशुभ्र घोडा!"

त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर कौतुक आणलं. "अगं बाई, खरंच की!"

माझं बोट तसंच हवेत राहिलं. आयुष्यात इतके दोष शोधले, पण एखादा सापडल्याचं असं वाईट कधी वाटलं नव्हतं. होडी काठाला लागली. घाटावरच्या बाकावर बसल्यावर मी म्हटलं, "घोडा नव्हता."

त्यांनी नदीकडे तोंड फिरवलं. "तू असं करायला नको होतंस, नीलू," म्हणाल्या. मग सगळं सांगितलं. मॅक्युलर डीजनरेशन. दृष्टीच्या मधोमध डाग, कडा तेवढ्या शाबूत. चालता येतं, भिंत कळते, पायरी कळते. माणसाचा चेहरा कळत नाही. डोळ्यांत इंजेक्शनं चालू होती, ती घ्यायला त्या टॅक्सीने जायच्या, म्हणून आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये या गावाचं पोस्टर होतं. "मोठं शहर पाठ होत नाही. हे पाठ होण्याएवढं होतं. म्हटलं, पूर्ण जायच्या आधी एक तरी जागा नीट बघू." सगळा हिवाळा त्या कॉम्प्युटरच्या मोठ्या स्क्रीनवर रस्त्यांचे फोटो लावून, ते वाढवून वाढवून, एकेक गल्ली, एकेक दार पाठ करत बसल्या होत्या. सकाळच्या फेऱ्या म्हणजे त्या पाठाची उजळणी.

"आणि लॅबमधल्या स्लाइड्स?" मी विचारलं. "शेवटी शेवटी..."

"चूक व्हायच्या आत थांबले मी." त्यांचा आवाज एकदम कोरडा झाला. मी विश्वास ठेवला. बहुतेक ठेवला... त्या वाक्यावर मी अजूनही कधी कधी अडते.

"आणि गाडी?"

"फक्त ओळखीच्या रस्त्यांवर. ग्रोसरी, लायब्ररी, मंडळ. सगळं पाठ आहे मला."

"रस्त्यात आडवी येणारी माणसं पण पाठ आहेत का?"

त्यांनी, केतकीला सांगणार नाहीस, असं वचन मागितलं. "ती मला रेडमंडला नेऊन बसवेल. आयुष्यभर माझ्या पायावर उभी राहिले गं मी." मी वचन दिलं. उरलेले चार दिवस त्यांनी मला गाव दाखवलं. गंमत म्हणजे तेच माझे तिथले सर्वांत चांगले दिवस. जे त्यांना फोटोत मिळालं नव्हतं ते मी सांगायचं, आणि जे माझ्या नजरेतून सुटलं होतं ते त्या दाखवायच्या. एका दाराच्या चौकटीवर कोरलेला शिंपला मी आठ वेळा तिथून जाऊनही पाहिला नव्हता.

ट्रॉयला परतून आठवडासुद्धा झाला नव्हता. मी लायब्ररीसमोरच्या सिग्नलला उभी होते. समोरून मालूताईंची गाडी वळली, अगदी सफाईने, आणि बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडणारी एक बाई दचकून मागे सरली. मालूताईंनी ब्रेकसुद्धा लावला नाही. त्यांच्या लेखी तिथे कोणी नव्हतंच. मी घरी आले आणि केतकीला फोन केला.

केतकी पुढच्याच विमानाने आली. गाडीच्या किल्ल्या घेतल्या, गाडी विकली. रेडमंडला जायला मात्र मालूताईंनी साफ नकार दिला. शेवटी घरी मदतीला बाई ठेवायची, यावर तडजोड झाली. जिनं मला चालवायला शिकवलं तिची गाडी मी बंद पाडली. त्यांनी मला एकच वाक्य ऐकवलं, "तुला सांगितलं तेव्हाच मला संशय यायला हवा होता," आणि फोन ठेवला. आठ महिने माझा एकही फोन घेतला नाही. मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात मी समोर जाऊन उभी राहिले, तर त्या शांतपणे माझ्या बाजूने निघून गेल्या. त्या दिवशी खरंच दिसलं नाही की दिसूनही... हे मी कधी विचारलं नाही.

मग मे महिन्यात एकदा त्यांचाच फोन आला. "गुरुवारी मोकळी आहेस का? लायब्ररीत सोड मला." नमस्कार नाही, चौकशी नाही. मी गेले. गाडीत बसल्यावर पट्टा लावला आणि म्हणाल्या, "काय काय दिसतंय ते सांगत जा. आणि मध्ये घोडे घालू नकोस." तेव्हापासून दर गुरुवार आमचा ठरला. ट्युलिप आले, सिग्नलचा खांब रंगवला, कोपऱ्यावरचं जुनं दुकान पाडलं, असं मी सांगत जायची आणि त्या दर वेळी विचारायच्या, "नक्की?" तीस वर्षं मी जगाला जो प्रश्न विचारला, तो पुढची तीन वर्षं त्यांनी मला विचारला. बरोबरच होतं ते. हक्क होता त्यांचा.

गेल्या रविवारी केतकी आणि मी त्यांचं घर आवरायला बसलो. पुस्तकं, साड्या, कागद असं करत स्वयंपाकघरात आलो. तिथे फळीवर सगळ्या बरण्यांच्या जागा ठरलेल्या होत्या. शेगडीच्या डाव्या हाताला मीठ, मग साखर, मग चहा. मिठाच्या बरणीला रबरबँड. रबरबँड लावायच्या आधीच्या एका गुरुवारी मी चुकून मीठ आणि साखरेच्या जागा बदलल्या होत्या, तर खारट चहाचा घोट घेऊन त्या म्हणाल्या होत्या, "कोणी केलं ते मी विचारणार नाही. मला माहीत आहे." केतकीला हे सांगितलं तशी ती हसली, आणि हसता हसताच तिनं विचारलं, "मावशी, आईनं तुला माफ केलं होतं का गं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "तिनं कधी सांगितलं नाही."

केतकीनं आम्हा दोघींसाठी चहा केला आणि साखरेची बरणी खिडकीजवळ ठेवून दिली. बोलता बोलता मी ती उचलली आणि मीठ आणि चहाच्या मध्ये ठेवली, झाकणाचा कान भिंतीकडे करून. केतकी बघत होती. "अगं, आता कोण..." ती म्हणाली आणि थांबली. आम्ही चहा प्यायलो, कप विसळले. मग तिनं उरलेली खोकी घडी करून भिंतीला उभी केली. "ही फळी आज नको," म्हणाली. आम्ही दिवा मालवला आणि बाहेर आलो.